स्पेलिंग कोणाच्या हातचं?

पेट निघाली, कोर्सवर्क सुरू झालं आणि गाईड म्हणाले, "आता विषय घेऊन या." अशा वेळी नावांचा विषय फार मोहात पाडतो. माहिती सगळीकडे पडलेली दिसते: हजेरीपट, निकालपत्रकं, लग्नपत्रिका. शीर्षकही लगेच सुचतं, 'अमरावती व अकोला जिल्ह्यांतील व्यक्तिनामांच्या बदलत्या इंग्रजी स्पेलिंगचा समाजशास्त्रीय अभ्यास'. त्याच्यामागोमाग गृहीतक येतं: पालकांना आता आपलं लेकरू चारचौघांपेक्षा वेगळं दिसायला हवं आहे, म्हणून ते आरवच्या पुढे दोन ए लावतात, श्रेयाच्या शेवटी एच जोडतात, म्हणजेच व्यक्तिवाद वाढतोय.

विषय चांगला आहे. गृहीतक मात्र उसनं आहे, आणि ज्या घरातून आणलंय त्या घरची परिस्थिती आपल्याकडे नाही. आज त्याबद्दलच लिहिते. (रोमन अक्षरं उच्चाराप्रमाणेच लिहिणार आहे, ए, के, डब्ल्यू अशी. थोडं अडखळायला होईल, चालवून घ्या.)

आधी मूळ घर पाहू. अमेरिकेतलं सोशल सिक्युरिटी प्रशासन दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढतं. ती १८८० च्या जन्मांपर्यंत मागे जाते. वर्षभरात पाचपेक्षा कमी बाळांना मिळालेलं नाव यादीत येत नाही. आणि आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथे स्पेलिंग वेगळं तर नाव वेगळं. प्रशासन स्वतःच केटलिनचं उदाहरण देतं. हे कॅथरिनचं आयरिश रूप. कुणी ते सीने लिहितं, कुणी केने. मध्ये आय किंवा वाय, शेवटी एक एन किंवा दोन. अशी सात स्पेलिंगं, यादीत सात नावं, आणि प्रत्येकाचा क्रमांक स्वतंत्र. उच्चार जवळपास एकच.

या यादीवर पुष्कळ संशोधन उभं आहे. जीन ट्वेंगी आणि सहकाऱ्यांचा २०१० चा लेख तुम्हाला शोध घेताना पहिल्या पानावरच भेटेल. १८८० ते २००७ या काळात अमेरिकी पालक नेहमीची, चलनी नावं ठेवायचं कमी करत गेले, असं त्यात आकड्यांनी दाखवलंय आणि त्याचा अर्थ व्यक्तिवादाची वाढ असा लावलाय. आता हा लेख वाचताना सात केटलिन डोक्यात ठेवा. सात घरांना एकच नाव आवडलं, पण त्यांनी ते सात तऱ्हांनी लिहिलं, तर यादीत ते नाव सात ठिकाणी फुटतं. एकाच आवाजावर सगळे भाळलेत, आणि आकडा म्हणतो की प्रत्येकाचं वेगळं आहे. तिथल्या अभ्यासकाला यावर उत्तर देता येतं: वेगळं लिहिणं हीसुद्धा वेगळेपणाची हौसच आहे. मला ते उत्तर बऱ्यापैकी मान्य आहे. कारण तिथे नावाचं एक रुळलेलं स्पेलिंग आधीपासून आहे, पालकाला ते ठाऊक असतं, आणि अर्जावर तो आपल्या मर्जीने दुसरं लिहितो. रूढी आहे म्हणून तर ती मोडता येते.

आता आपल्याकडे या. प्रज्ञाचं रोमन लिपीतलं 'रूढ' स्पेलिंग कोणतं?

थांबून विचार करा, कारण इथेच सगळं आहे. मराठी माणूस ज्ञ हा द्न्य असा म्हणतो, म्हणून डी-एन-वाय लिहितो. हिंदी वळणाने जाणारा ग्य म्हणतो, जी-वाय लिहितो. संस्कृत-पालीकडे पाहणारा जे-एन लिहितो. वऱ्हाडात हे तिन्ही प्रवाह एकाच गल्लीत आहेत. मध्य प्रदेशची हद्द अमरावती जिल्ह्याला लागून आहे. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर प्रज्ञा, संघमित्रा, सिद्धार्थ, राहुल ही नावं इथल्या घराघरांत आली. या तिघींपैकी रूढी कुणी मोडली? कुणीच नाही. तिघींनी तीन वाचनं लिहिली, इतकंच.

ऋचंही तसंच. मराठीत मृणाल आर-यूने, हिंदीत आर-आयने. अमृता आणि ऋतुजा यांचीही हीच कथा. म्हणजे यू की आय हा 'क्रिएटिव्ह' फरक नसून भाषेची खूण आहे. एखाद्या गावात आय वाढत असेल तर व्यक्तिवादाच्या आधी शाळेचं माध्यम आणि शेजारची भाषा तपासावी लागेल.

आणि तो बदनाम दुहेरी ए. यावर लोक फार हसतात. 'काऊन बाप्पा, एका नावात इतके ए?' पण जरा इतिहास पाहा. १८७० च्या दशकात ब्रिटिश सरकारने डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांची लिप्यंतर पद्धत स्वीकारली. त्याआधी इंग्रजांना जसं ऐकू येई तसं ते लिहीत. अमरावतीच्या जुन्या इंग्रजी रूपाची सुरुवात डबल ओने होते, आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस 'ऊमरा' म्हणून विकला जायचा तो त्यावरूनच. हंटर पद्धतीने आधीचा गोंधळ बराच निस्तरला. ती अ साठी साधा ए आणि आ साठी डोक्यावर आडवी रेघ असलेला ए वापरते. व्यवहारात टाइपरायटरने ती रेघ खाल्ली. रेघ गेली की अ आणि आ एकच झाले. म्हणजे आज जी आई आरोहीसाठी दोन ए लिहिते, ती दीडशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीतली हरवलेली रेघ आपल्या परीने परत आणते आहे. तिचं स्पेलिंग उच्चाराच्या जवळ जातं. केटलिनच्या शेवटी दुसरा एन लावल्याने उच्चार तसूभरही बदलत नाही. दोन्ही गोष्टींना 'आधुनिक स्पेलिंग-भेद' या एकाच रकान्यात टाकलं, तर रकाना भरतो आणि अर्थ निसटतो.

(जाता जाता: रोमन लिपीत ण आणि न यांना एकच एन आहे. आपल्या बोलीतल्या 'पानी'ला मराठीच्या तासाला जे ऐकून घ्यावं लागतं, ते रोमन लिपीने कधीच माफ करून टाकलंय.)

जपानचं उदाहरण इथे उपयोगी पडतं, कारण ते बरोबर उलटं आहे. युजी ओगिहारा आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१३ मधली जपानी बाळांची नावं पाहिली. तिथे नाव चित्राक्षरांत लिहितात, आणि एकाच अक्षराची अनेक वाचनं होऊ शकतात. त्यांना असं दिसलं की अक्षरं नेहमीचीच राहिली, पण वाचनं अनोखी होत गेली. म्हणजे इंग्रजीत आवाज तोच राहून अक्षरं बदलतात, जपानीत अक्षरं तीच राहून आवाज बदलतो. आपल्याकडे आवाजही तोच आणि देवनागरीही तीच, बदलते ती फक्त दुसरी लिपी. ओगिहारांच्या कामातली घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांनी लिखाण आणि वाचन वेगवेगळं मोजलं. तुमच्या तक्त्यातही एका नावासाठी किमान दोन रकाने हवेत, देवनागरी आणि रोमन. एकाच रकान्यावर उभा राहिलेला प्रबंध मी तरी विश्वासाने वाचणार नाही.

आता मुख्य हरकत. 'पालकांनी स्पेलिंग निवडलं' या वाक्यातलं क्रियापद तुम्ही कशावरून लिहिता?

नाव कसं प्रवास करतं ते बघा. बारशाला नाव ठरतं ते आवाजात. पुष्कळ घरांत पहिलं अक्षर पंचांग ठरवतं. अश्विनी नक्षत्र असेल तर चू, चे, चो, ला. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १४ नुसार बाळाची नोंद नावाशिवायही होते आणि नाव नंतर घालता येतं. नियमांप्रमाणे पहिले बारा महिने विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे कित्येकदा जन्मदाखल्यावरचं नाव शाळेच्या दाखल्याच्या मागून येतं. मराठी शाळेच्या रजिस्टरात नाव देवनागरीत चढतं, बहुतेक वेळा गुरुजींच्या हाताने. आधार येण्याआधीच्या पिढीत मराठी माध्यमाच्या मुलामुलींचं नाव वजनदार कागदावर पहिल्यांदा रोमन लिपीत जायचं ते दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ या पाचही जिल्ह्यांचा तो फॉर्म अमरावती विभागीय मंडळाकडे जातो. फॉर्म भरून घेते शाळा. वर्गशिक्षक किंवा लिपिक एका बैठकीत सगळ्या वर्गाची नावं लिहून टाकतो. त्या वर्षी त्या शाळेत सगळ्या वैष्णवींच्या मधला ए गायब असेल, तर ती फॅशन म्हणायची की एका माणसाच्या हाताची सवय?

२०१० नंतर चित्र पालटलं. देशातलं पहिलं आधार सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आधार केंद्रावरचा चालक नाव इंग्रजीत टाइप करतो आणि संगणक त्यावरून मराठी रूप सुचवतो. कुणी नीट पाहिलं तर ते दुरुस्त होतं, नाही तर तसंच छापलं जातं. दिशा उलटी झाली हे लक्षात घ्या. आधी देवनागरी मूळ होती आणि रोमन तिची नक्कल होती. आता रोमन मूळ आणि देवनागरी नक्कल. म्हणून आपल्या ओळखीच्या लोकांच्या कार्डांवर ऱ्हस्व-दीर्घाचे आणि त-ट चे चमत्कार दिसतात. वर मी म्हटलं की 'देवनागरी तीच राहते', ते या पिढीबाबत गृहीत धरू नका, तपासा. मला विचाराल तर इथे एक अख्खा प्रबंध दडलाय.

यात खरी किंमत कोण मोजतं, तेही आकड्यांच्या बाहेर राहू नये. यूडायसमधलं नाव आधारशी जुळलं नाही की अपार क्रमांक अडतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँक खातं, जात पडताळणी, पुढे पदवी प्रमाणपत्र, सगळीकडे तेच एक अक्षर आडवं येतं. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. राजपत्रात नाव बदलून घ्यायला पैसे आणि खेटे दोन्ही लागतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीची फाइल तर विचारूच नका. आणि अशा मुलीच्या नावातल्या तफावतीला आपण आपल्या प्रबंधात 'पालकांच्या वेगळेपणाच्या आकांक्षेचा निर्देशक' म्हणणार? तिच्या आईने ते स्पेलिंग आयुष्यात कधी पाहिलंही नसेल.

मग खरी निवड नसतेच का? असते, पण तिचा पुरावा स्पेलिंगच्या बाहेर शोधावा लागतो. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी आडनावाचं इंग्रजी रूप विल्यम मेकपीस थॅकरे या कादंबरीकारावरून घेतलं असं सांगितलं जातं. वऱ्हाडातली ठाकरे घराणी तेच आडनाव सहसा साधं टी-एच-ए-के लावून लिहितात. पहिल्याला निवड म्हणायचं कारण त्यामागे एक हकीकत आहे, नुसती अक्षरं नाहीत. रितेश देशमुखांच्या रोमन नावात एक जादा आय दिसतो, देवनागरीत मात्र रितेश तो रितेशच. तो आय कुणा लिपिकाच्या चुकीने इतकी वर्षं पोस्टरवर टिकणार नाही, एवढं आपण म्हणू शकतो. का घातला, ते विचारल्याशिवाय म्हणू शकत नाही.

अंकशास्त्राचा मुद्दाही इथेच येतो, आणि त्यासाठी स्टॅन्ली लीबरसन यांचं 'अ मॅटर ऑफ टेस्ट' (२०००) वाचाच. या विषयावरचं मी वाचलेलं सर्वांत शहाणं पुस्तक. त्यांचा युक्तिवाद साधा आहे: कपडे-गाड्यांच्या फॅशनमागे कारखाने आणि जाहिराती असतात, नावं मात्र कुणी विकत नाही, म्हणून आवड कशी बदलते हे नावांत शुद्ध स्वरूपात पाहता येतं. प्रत्येक बदलाला बाहेरची घटना शोधू नका, फॅशन स्वतःच्या आतल्या गतीनेही चालते, हे त्यांनी फार नेटकं दाखवलंय. नावासाठी हे आपल्याकडेही बरंच लागू पडतं. पण स्पेलिंगसाठी नाही. स्पेलिंग आपल्याकडे विकलं जातं. अक्षरांची बेरीज करून एक ई वाढवून देणाऱ्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत असतात. तिथे आई-बापाची इच्छा वेगळेपणाची नसून नोकरी लागावी, दुखणं टळावं अशीही असू शकते. तो व्यक्तिवाद नव्हे, तो नवस आहे. लीबरसनचा आधार घेणाऱ्याने हा फरक सिनॉप्सिसमध्येच मांडावा. नाही तर आरआरसीसमोर कुणी तरी विचारेलच.

पद्धतीकडे वळू. तुमच्यातले काही जण म्हणतील, नावं हजारोंनी आहेत, सॉफ्टवेअरने जुळवू. जुळवा, पण आधी हाताने चार नावं करून पाहा. साउंडेक्स नावाची जुनी पद्धत आहे, १९१८ मध्ये अमेरिकेत पेटंट झालेली. ती पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते, स्वर गाळते, आणि उरलेल्या व्यंजनांना आकडे देते. या पद्धतीत स्वाती, श्वेता, सुधा आणि सीता या चौघींचाही संकेत एकच येतो, एस-३००. उलट प्रज्ञाच्या वरच्या तीन स्पेलिंगांना तीन वेगळे संकेत मिळतात: पी-६३५, पी-६२० आणि पी-६२५. व्ही आणि डब्ल्यू ही पहिली अक्षरं वेगळी पडली की वैष्णवीच्या दोन वैष्णवी होतात. खुद्द इंग्रजीतही सी आणि के मुळे केटलिन दुभंगतेच.

दुसरी पद्धत लेव्हनश्टाइन अंतराची, १९६५ ची. एका शब्दापासून दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी, काढावी लागतात, ते मोजायचं. सरिता आणि सविता, दोन वेगळ्या बाया, अंतर १. लक्ष्मी एक्स लावून आणि लक्ष्मी के-एस-एच लावून, बाई एकच, अंतर ३. हिंदी वळणाची प्रज्ञा मराठी वळणाच्या प्रज्ञापासून २ वर आहे, आणि प्रियापासूनही २ वरच. (अकोला आणि नगरकडचं अकोले यांच्यातही अंतर एकच. बस चुकीची पकडलीत की मग कळतं.) यात पद्धतींचा दोष नाही. त्या ज्या भाषेसाठी, ज्या कामासाठी केल्या, तिथे चालतात. आपण मात्र आधी देवनागरी रूपावर नावं एकत्र करून मगच त्याखालचे रोमन भेद मोजले पाहिजेत.

आणि आता ती गोष्ट, जी मला या विषयावरच्या कच्च्या आराखड्यांत दिसत नाही: पाया. कुणीही काहीच 'निवडत' नसताना किती फरक पडतो, ते आधी मोजा. लीबरसन आणि केली मिकेलसन यांनी १९९५ मध्ये एक सुंदर युक्ती केली होती. आफ्रिकन-अमेरिकन पालकांनी नव्याने बनवलेली नावं लोकांना देऊन, हे मुलाचं असेल की मुलीचं, ते ओळखायला लावलं. लोक बऱ्याच अंशी बरोबर निघाले, म्हणजे बनवलेल्या नावातही समाजाचे ध्वनिनियम असतात हे दिसलं. आपण त्याच धर्तीवर श्रुतलेखन घेऊ. वीस नावं निवडा: प्रज्ञा, मृणाल, ज्योत्स्ना, आरोही, वैष्णवी, ज्ञानेश्वर अशी. ती मोठ्याने वाचा आणि शंभर जणांना रोमन लिपीत लिहायला सांगा. मराठी माध्यमाचे, इंग्रजी माध्यमाचे, शाळेतले लिपिक, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातली मुलं. अमरावती शहरात घ्या, मेळघाटच्या पायथ्याशी घ्या, अकोटला घ्या. ही त्यांच्या लेकरांची नावं नाहीत, त्यामुळे हौसेचा प्रश्न येत नाही. तरीही एका नावाला पाच स्पेलिंगं निघाली, तर ती पाच ही लिपीची आणि शिक्षणाची देणगी आहे. रजिस्टरात सात सापडली, तर बोलायचं ते वरच्या दोनांबद्दल. ही वजाबाकी केल्याशिवाय 'वाढ' हा शब्द वापरू नका.

त्यानंतर वीस-पंचवीस घरांशी बोला. प्रश्न 'हे स्पेलिंग का ठेवलं' असा नको, त्यात उत्तर आधीच भरलेलं आहे. 'हे पहिल्यांदा कुठल्या कागदावर लिहिलं गेलं, आणि कोणी लिहिलं' असं विचारा. मुलाखतीतली खरी नावं प्रबंधात छापू नका. स्पेलिंगचा अभ्यास असल्याने नाव लपवणं कठीण जाईल, म्हणून त्याच प्रकारचा भेद असलेलं दुसरं नाव वापरा आणि तसं पद्धतीच्या प्रकरणात लिहून ठेवा.

मागच्या काळात जायचं असेल तर शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं आहेत आणि आपल्या विदर्भाचं खास कोतवाल बुक आहे. जात पडताळणीसाठी घरच्या कुणी नक्कल काढली असेल तर तुम्ही ते पाहिलंही असेल. पण त्यात रोमन काही मिळणार नाही, आणि पुष्कळ नोंदींत बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव, जात, आणि मुलगा झाला की मुलगी, एवढंच. तेव्हा ते स्पेलिंगसाठी नव्हे, तर देवनागरी रूपं आधी किती स्थिर होती हे पाहायला वापरा. काही जुनी पानं मोडीत असतात, वाचणारा सोबत न्या. आणि तहसीलला जाताना विभागप्रमुखांचं पत्र आणि अर्ज, दोन्ही दोन-दोन प्रतींत न्या, आणि एका प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.